‘मिळून करा’ हे दाखवायचं कसं? समावेशित वर्गासाठी नव्वद सेकंदांचे व्हिडिओ

‘चौघाचौघांचे गट करा आणि मिळून सोडवा’ अशी सूचना दिली की पुढे काय होतं हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक असतं. एक हुशार पोरगा पेन्सिल ताब्यात घेतो, दुसरा त्याच्या वहीत डोकावतो, तिसरी खिडकीबाहेर बघते. चौथ्याला नीट ऐकू येत नाही किंवा वाचायला वेळ लागतो, त्याला गटात नुसतं बसवलेलं असतं. दहा मिनिटांत उत्तर तयार होतं, ‘शाब्बास’ मिळतं आणि तास संपतो. सहकार्य कुणीच केलेलं नसतं.

यात मुलांचा दोष नाही. हातच्याची बेरीज आपण फळ्यावर करून दाखवतो. मिळून काम करणं मात्र फक्त सांगतो. दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देणं, गप्प बसलेल्याला विचारणं, पटलं नाही तर भांडण न करता तसं म्हणणं, मदत करताना समोरच्याची पेन्सिल न हिसकावणं या सगळ्या डोळ्यांना दिसणाऱ्या, कानांना ऐकू येणाऱ्या कृती आहेत. त्या करून दाखवायला चार जण लागतात आणि शिक्षक एकटा असतो. दोनशिक्षकी शाळेत तर त्याच्यासमोर दोन-तीन इयत्ता एकत्र बसलेल्या असतात. मोबाइलवर काढलेला छोटा व्हिडिओ ही अडचण सोडवतो, पण तो नीट काढला आणि नीट दाखवला तरच.

नुसता गट आणि सहकारी गट

मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे भाऊ या विषयातले मोठे अभ्यासक. त्यांच्या मांडणीत सहकारी अध्ययनाला पाच गोष्टी लागतात. एकाचं काम दुसऱ्यावाचून अडलं पाहिजे. प्रत्येकाला स्वतःचा जाब देता आला पाहिजे. समोरासमोर बसून देवाणघेवाण झाली पाहिजे. त्यासाठी लागणारी वागण्याची कौशल्यं शिकवली पाहिजेत. आणि शेवटी ‘आपण कसं काम केलं’ हे गटाने स्वतः तपासलं पाहिजे. आपल्याकडे यातली पहिली आणि चौथी गोष्ट सर्रास सुटते. व्हिडिओ या चौथ्या गोष्टीसाठी आहे. पहिली गोष्ट कामाच्या रचनेतून येते, व्हिडिओ कितीही चांगला असला तरी ती भरून निघत नाही.

रचना म्हणजे काय, ते ‘जिगसॉ’ पद्धतीतून चांगलं कळतं. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना प्रथमच एका वर्गात बसवलं गेलं आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. तेव्हा इलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत आणली. धड्याचे तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा कुणालाच पूर्ण मिळत नाही. म्हणजे ही पद्धत मुळातच एकमेकांशेजारी बसायला नाखूश असलेल्या मुलांसाठी बनली. आपल्या समावेशित वर्गाला, म्हणजे दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतात त्या वर्गाला, ती लागू पडते ती त्यामुळेच.

विदर्भातल्या पाचवीच्या वर्गात कपाशीवर हे सहज करता येतं. एकाकडे लागवडीची चिठ्ठी, दुसरीकडे बोंडअळीची, तिसऱ्याकडे वेचणीची, चौथीकडे जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याची. आधी ‘वेचणी’वाले सगळे एकत्र बसून आपला तुकडा पक्का करतात, मग आपापल्या मूळ गटात जाऊन सांगतात. ज्या मुलाला वाचणं जमत नाही त्याचा तुकडा चित्रांचा असू शकतो, किंवा खरं बोंड, सरकी आणि रुई हातात देऊन केलेला. त्याच्याकडची माहिती गटात दुसऱ्या कुणाकडे नाही, म्हणून त्याला विचारावंच लागतं. दयेचा प्रश्नच येत नाही.

क्लिप कशी काढावी

एका क्लिपमध्ये एकच कौशल्य. लांबी ६० ते ९० सेकंद. हा नियम मोडायचा मोह फार होतो, कारण चित्रीकरणाला बसलोच आहोत तर सगळंच घेऊ असं वाटतं. चार मिनिटांच्या क्लिपमध्ये मुलं काय बघतात? कुणाचा शर्ट कसा आहे आणि कोण हसला, ते. ‘गप्प असलेल्याला विचारणं’ ही एक क्लिप, ‘पटलं नाही हे सांगणं’ ही दुसरी. वर्षाला पाच-सहा क्लिप पुरतात.

क्लिपमध्ये मुलं आपल्यासारखी दिसली पाहिजेत. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरांच्या निरीक्षणातून शिकण्याच्या सिद्धांतात चार टप्पे आहेत: लक्ष जाणं, लक्षात राहणं, करता येणं आणि करावंसं वाटणं. शेवटचा टप्पा आपल्यासारख्या माणसाला पाहून लवकर येतो. शहरातल्या शाळेतला टाय घातलेला मुलगा ‘मला तुझे मत जाणून घ्यायला आवडेल’ म्हणत असेल तर गावातली पोट्टी त्याला हसतात आणि विसरतात. तेच वाक्य ‘तुले काय वाटते?’ असं आलं की दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकू येतं. ‘मले नाही समजलं, आखीन एकडाव सांग’, ‘थांब, तिले सांगू दे’ ही वाक्यं वऱ्हाडीतच ठेवा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी किंवा माडिया, यवतमाळकडे कोलामी बोलणारी मुलं असतील तर निदान ही दोन-तीन कळीची वाक्यं त्यांच्या भाषेत हवीत. वरच्या वर्गातली मुलं ती आनंदाने म्हणतात. प्रमाण मराठीचा आग्रह लेखी उत्तरासाठी ठेवा; गटातल्या बोलण्यावर तो लादला की निम्मा वर्ग मुका होतो.

मुलांना संवाद पाठ करायला लावू नका. प्रसंग सांगा, वाक्य एकच ठरवून द्या, बाकीचं त्यांना बोलू द्या. पाठ केलेलं बोलणं लगेच ओळखू येतं.

आता मोबाइल. तो आडवा धरा आणि हातात न ठेवता खुर्चीवर पुस्तकांच्या ढिगाला टेकवा. मुलं जमिनीवर बसली असतील तर कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. गोल करून बसवलं तर दोघांच्या पाठीच दिसतात, म्हणून अर्धवर्तुळ करा. दाराकडे किंवा खिडकीकडे कॅमेऱ्याची पाठ हवी. उलटं केलं तर मुलांचे चेहरे काळे पडतात. अंतर एक ते दीड मीटर, कारण आवाज मोबाइलच्या साध्या माइकवरच घ्यायचा आहे. पंखा बंद. फ्लाइट मोड चालू, नाहीतर मध्येच फोन वाजतो. टिनाच्या छपराखाली पावसात चित्रीकरण करू नका, एक शब्द ऐकू येणार नाही.

दृश्यं तीन घ्या: पूर्ण गट, मग फक्त हात आणि कागद, मग बोलणाऱ्याचा चेहरा. हातांचं दृश्य सगळे विसरतात आणि नेमकं तेच मोलाचं असतं, कारण पेन्सिल कुणाकडून कुणाकडे गेली यावरच सहकार्य कळतं. चेहऱ्याच्या दृश्यात ओठ स्पष्ट दिसू द्या. ओठांच्या हालचालीवरून समजून घेणाऱ्या मुलाला त्याचा आधार असतो. मागे संगीत नको. चमकणारे इफेक्ट तर अजिबात नकोत, अपस्माराचा त्रास असलेल्या काही मुलांना लुकलुकणाऱ्या प्रकाशाने झटका येऊ शकतो.

क्लिप मोबाइलवर छान दिसते आणि शाळेच्या टीव्हीवर ‘फॉरमॅट सपोर्ट करत नाही’ असं येतं. याची कारणं बहुधा दोनच. नवे मोबाइल जागा वाचवायला व्हिडिओ ‘एचईव्हीसी’ प्रकारात साठवतात आणि जुने टीव्ही तो वाचत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘एच.२६४’ निवडलं की काम होतं. दुसरं, पेनड्राइव्ह ‘एफएटी३२’ फॉरमॅटमध्ये हवा. बरेच टीव्ही दुसरे प्रकार ओळखत नाहीत. रिझोल्युशन ७२० पुरतं. व्हॉट्सॲपवरून साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि धूसर होतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. इंटरनेटच्या लिंकवर तास उभा करू नका. रेंज गेली की तास गेला.

चित्रीकरणाआधी पालकांची लेखी संमती घ्या. व्हिडिओ कुठे दाखवणार, कुणाकडे राहणार, हे त्यांना समजेल अशा शब्दांत त्यात लिहा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी, दिव्यांग मुलाचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर किंवा कुणाच्या स्टेटसवर फिरणं हा त्या घरावर अन्यायच आहे. आणि मूल ‘नको’ म्हणालं तर पालकांची सही असली तरी नको.

चाळीस मिनिटांचा तास

क्लिप लावण्याआधी काय बघायचं ते सांगा. ‘व्हिडिओ बघा’ ही सूचना नव्हे. ‘निळ्या ओढणीवाली गप्प होते तेव्हा बाकीचे तिघं काय करतात ते बघा’ ही सूचना. यात तीन मिनिटं जातात.

पहिल्यांदा आवाज बंद ठेवून दाखवा. हे विचित्र वाटतं, पण आवाज नसला की मुलं अंग, हात, नजर बघू लागतात. शिवाय ज्याला ऐकू येत नाही तो या फेरीत सगळ्यांच्या बरोबरीने असतो, बऱ्याचदा पुढेही. दुसऱ्यांदा आवाजासह दाखवा आणि दोन ठिकाणी थांबवा. थांबण्याची जागा कृतीच्या आधीची हवी: ‘आता ती काय करेल?’ मुलांना अंदाज बांधू द्या, मग पुढे चालवा. कृती होऊन गेल्यावर थांबवलं तर फक्त ‘काय केलं?’ एवढं विचारता येतं आणि उत्तर एकाच सुरात येतं.

मग फळ्यावर दोन रकाने करा: ‘कसं दिसतं’ आणि ‘कसं ऐकू येतं’. ‘तिच्याकडे वळून बसला’, ‘कागद मधे सरकवला’ हे पहिल्यात. ‘तुले काय वाटते?’ हे दुसऱ्यात. मुलं ‘चांगलं वागले’, ‘प्रेमाने बोलले’ असं सांगतील. ते लिहू नका, ‘म्हणजे काय केलं?’ असं परत विचारा. हे रकाने हाच तासाचा गाभा, इथे पाच मिनिटं निवांत द्या.

लगेच सराव, तोही येत असलेल्या गोष्टीवर. नवं कौशल्य आणि नवा धडा एकदम दिला की मूल धड्याकडे वळतं आणि कौशल्य सोडून देतं. ‘गावातल्या पाच झाडांची यादी करा, पण प्रत्येक नाव वेगळ्याने सुचवायचं’ असलं चार मिनिटांचं काम पुरे. त्यानंतर पंधरा मिनिटं खरं काम. शेवटची पाच मिनिटं गटासाठी: आज कुणी कुणाला विचारलं? उद्या काय वेगळं करू? ही पाच मिनिटं घंटेच्या आधी हमखास खाल्ली जातात. वेळ कमी पडत असेल तर कामातली कापा, ही कापू नका.

तीच क्लिप आठवड्यात दोन-तीनदा दाखवा. पुढच्या आठवड्यात फक्त थांबवलेल्या दृश्याचा छापील फोटो गटाच्या मधे ठेवा. त्यानंतर तोही काढा. क्लिप कायमची कुबडी झाली तर ती लावल्याशिवाय मुलं तसं वागत नाहीत.

कुणासाठी काय बदलायचं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये समावेशित शिक्षणाची व्याख्या करताना दिव्यांग आणि इतर विद्यार्थी एकत्र शिकतात एवढंच म्हटलेलं नाही. शिकवण्याची पद्धत त्यांच्या गरजेनुसार बदललेली असली पाहिजे, असंही त्यात आहे. कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. त्या सगळ्यांसाठी वेगवेगळे व्हिडिओ करायचे नाहीत. क्लिप एकच, दाखवण्याची रीत बदलायची.

कमी दिसणाऱ्या मुलाला टीव्हीच्या अगदी जवळ बसवा, गरज असेल तर क्लिप आधी मोबाइलवर हातात द्या. अंध मुलासाठी आवाज बंद असलेल्या फेरीत शेजारच्या मुलाने हळू आवाजात सांगत राहायचं: ‘आता त्यानं कागद सरकवला.’ सांगणाऱ्यालाही त्यामुळे बारकाईने बघावं लागतं. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलासाठी टीव्हीचा आवाज वाढवणं हा उपाय नाही. रिकाम्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो आणि यंत्र तो घुमणाराच आवाज मोठा करतं. त्याला स्पीकरपासून एक मीटरवर बसवा, खाली सतरंजी अंथरा, दार लावा. स्क्रीनवर मजकूर द्यायचा तर एका ओळीत पाच-सहा शब्द, मागच्या रांगेतून वाचता येतील एवढे मोठे. पण दुसरीतल्या मुलाला त्या मजकुराचा काय उपयोग? तिथे खुणा हव्यात. त्या भारतीय सांकेतिक भाषेतल्या असाव्यात आणि गटातल्या चौघांनाही याव्यात. ‘थांब’, ‘पुन्हा’, ‘तू सांग’, ‘पटलं नाही’ एवढ्या चार खुणांवर गट चालू लागतो.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी व्हिडिओ पाहून शिकणं ही चांगली तपासलेली पद्धत आहे. कारण सरळ आहे: प्रत्येक वेळी तेच घडतं, त्याच क्रमाने, आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघण्याचा ताण नसतो. अशा मुलाला वर्गाच्या आदल्या दिवशी क्लिप एकट्याने बघू द्या, आवाज कमी ठेवा, आणि ‘दोनदा बघणार, मग बंद’ असं आधी सांगा. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी तीच क्लिप तीन तुकड्यांत कापा: बघा, करा, मग पुढचा तुकडा. सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतल्या दोषाने हालचालींवर ताबा कमी असल्यामुळे) बोलायला वेळ लागणाऱ्या मुलीसाठी बदल तिच्यात नाही, बाकीच्या तिघांत करायचा आहे. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि चांगली येतात, हे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी पूर्वीच दाखवून दिलं. मुलं तर एक सेकंदही थांबत नाहीत. म्हणून ‘मनात दहा मोजणं’ ही एक स्वतंत्र क्लिप करा, आणि त्यात ती शांतता कापू नका.

गटात दिव्यांग मुलाला ‘वेळ बघणारा’ किंवा ‘साहित्य आणणारा’ हीच भूमिका दरवेळी मिळते. ही सभ्य भाषेतली बाजूला ठेवण्याची रीत आहे. भूमिका दर आठवड्याला फिरल्याच पाहिजेत.

बिघडतं कुठे

सगळ्यात मोठी चूक चुकीचं वागणं दाखवण्यात होते. ‘असं करू नका’ हे सांगायला कुणीतरी हिसकाहिसकीची विनोदी क्लिप बनवतं, वर्ग खदाखदा हसतो आणि मधल्या सुट्टीत तीच हिसकाहिसकी सुरू होते. बांडुरांनी १९६३ मध्ये मुलांना मोठ्या माणसाने बाहुलीला मारल्याची फिल्म दाखवली होती; नंतर मुलांनी बाहुलीला तसंच मारलं. पडद्यावरचं सगळंच उचललं जातं. चुकीचं दाखवायचंच असेल तर ते शिक्षकांनी करावं, मुलांनी नाही. दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि लगेच बरोबर कृती दाखवून क्लिप संपवा. दिव्यांग मुलाकडे दुर्लक्ष होतंय असं दृश्य कधीही घेऊ नका. ते मूल वर्गातच बसून ते बघणार असतं.

दुसरी चूक म्हणजे मदत करणं आणि करून देणं यांत फरक न दाखवणं. क्लिपमधली मुलगी मैत्रिणीचं उत्तर स्वतः लिहून देते आणि आपण तिला ‘मदत करणारी’ म्हणतो. मैत्रिणीच्या हातातली पेन्सिल तिच्याच हातात राहिली का, हे हातांच्या दृश्यात तपासा. तशी राहिली नसेल तर क्लिप पुन्हा काढा.

क्लिप बघून झाल्यावरही एकच मूल बोलत असेल तर चिंचोके वापरा. प्रत्येकाला तीन. बोललं की एक मधे टाकायचा, संपले की ऐकायचं. न बोलणाऱ्याने खूण केली किंवा चित्रावर बोट ठेवलं तरी ते बोलणंच, त्याचाही चिंचोका पडतो. लहान वर्गांत चिंचोके तोंडात जाणार नाहीत याकडे लक्ष ठेवा. तिथे बाटलीची मोठी झाकणं बरी.

गैरहजेरीचं गणित वेगळंच आहे. दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत चौघांच्या गटात दोनच उरतात आणि जिगसॉचा तुकडाच नाहीसा होतो. त्या दिवसांत प्रत्येक तुकडा जोडीला द्या, म्हणजे एक शेतात गेला तरी दुसरा असतो. परत आलेल्याला क्लिप मोबाइलवर दाखवून दोन मिनिटांत गटात घेता येतं. मार्च लागला की सकाळच्या शाळेत तास छोटे होतात. तेव्हा नवीन क्लिप सुरू करू नका, जुन्यांचा सराव ठेवा. प्रोजेक्टरला अंधार लागतो, आणि टिनाखाली खिडक्या लावून मुलांना उकडत ठेवण्यात अर्थ नाही. बत्तीस इंची टीव्ही बरा. वीज गेली तर दोन मोबाइलवर आळीपाळीने गट बघतात, आणि खरं सांगायचं तर चौघांनी एका मोबाइलवर बघणं टीव्हीपेक्षा जास्त नीट होतं.

शिक्षकांनी बघायचं ते वेगळं

केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत हेच व्हिडिओ शिक्षकांसाठीही वापरता येतात, पण तिथे मुलांचं नाटक नको, खऱ्या तासाचे तीन मिनिटांचे न कापलेले तुकडे हवेत. पहिल्या फेरीत फक्त ‘काय दिसलं’ एवढंच बोलायचं. ‘मॅडमनी छान घेतलं’ किंवा ‘इथे सरांचं चुकलं’ ही दोन्ही वाक्यं बाद. त्याऐवजी ‘तिसऱ्या गटातल्या मुलाकडे दोन मिनिटं कुणी बघितलं नाही’ असं बोललं की पुढची चर्चा रचनेवर जाते, व्यक्तीवर नाही. फिरतीवर येणाऱ्या विशेष शिक्षकांना अशा बैठकीत हमखास बोलवा. एरवी ते एका मुलाला वेगळं घेऊन बसतात. गटात त्याचं काय होतं हे त्यांना पाहायलाच मिळत नाही.

परिणाम मोजायला परीक्षा लागत नाही. कागदावर गटातल्या चौघांची नावं लिहा, पाच मिनिटं एकाच गटाजवळ उभे राहा, जो बोलेल किंवा खूण करेल त्याच्यासमोर रेघ मारा. कुणी कुणाला प्रश्न विचारला तर रेघेऐवजी गोल. क्लिप दाखवण्याआधी एकदा आणि दोन आठवड्यांनी परत. एकाच नावासमोर निम्म्याहून जास्त रेघा असतील, किंवा एखाद्या नावासमोर काहीच नसेल, तर नवीन क्लिपकडे वळू नका. आधी कामाची रचना बघा, बहुधा ते काम एकट्याला उरकता येण्यासारखं असतं. चारही नावांसमोर रेघा आणि निदान दोघांसमोर गोल दिसले की ‘विचारणं’ जमलं. मग ‘पटलं नाही हे सांगणं’ची क्लिप काढा. ती सगळ्यात अवघड असते, कारण पटलं नसतानाही मान डोलवणं मुलांच्या अंगवळणी पडलेलं असतं. तिला तीन आठवडे द्या.